पाच हजारात बसणारी एसएसडी

एसएसडी, म्हणजे फिरणाऱ्या हार्डडिस्कऐवजी चिपवर डेटा ठेवणारी ड्राइव्ह, घ्यायला गेलं की काउंटरवरचा पहिला प्रश्न ठरलेला, "किती जीबीची?" दुसरा, "बजेट काय?" आणि या दोन प्रश्नांत सौदा उरकतो. तिच्यावर काय ठेवणार, ते उद्या उडालं तर कोणाचं काय अडेल, दुसरी कॉपी कुठे आहे का, हे ना दुकानदार विचारत ना घेणारा सांगत. मी रिटर्न भरायची आणि थोडीफार डीटीपीची कामं करते, म्हणजे माझ्या मशीनवर लोकांचे पॅन, आधार, बँकेची स्टेटमेंटं पडलेली असतात, त्यामुळे असेल कदाचित, पण मला हा विषय आधी भरवशाचा वाटतो आणि मग स्पीडचा. शिवाय आमच्या नात्यात कोणालाही कॉम्प्युटरचं काही घ्यायचं असलं की फोन मलाच येतो.

या वेळचा फोन मामांचा होता. दिंडोरीकडे त्यांची द्राक्षबाग आहे. लॅपटॉप सातव्या पिढीच्या आय३ प्रोसेसरचा, आत एक टीबीची फिरणारी हार्डडिस्क. "अगं, हा चालू केला की मी मोटर सुरू करून येतो, तरी याचं आपलं गोल गोल चालूच." घरी घेऊन आले तेव्हा टास्क मॅनेजर उघडून बघितला, काहीही चालू नसताना डिस्कच्या रकान्यात १०० टक्के, लालभडक, आणि ते १० मिनिटं हललं नाही. आता यात असतं काय, तर कुठल्या प्लॉटला कुठल्या तारखेला कुठलं औषध मारलं, किती पाण्यात मारलं याची एक्सेल, लॅबचे रेसिड्यूचे, म्हणजे मालात औषधाचा अंश किती उरला याचे, रिपोर्ट, एक्सपोर्टवाल्याला द्यायची कागदं, आणि मामेबहिणीच्या लग्नाचे फोटो. सगळं मिळून शंभर जीबीसुद्धा भरत नव्हतं. पण त्या एक्सेलशिवाय माल युरोपात जात नाही, हे मामांना माझ्यापेक्षा जास्त माहिती.

"पाच हजारात काय बसेल ते बसव, बाकी माल निघाल्यावर बघू." ऑक्टोबरची छाटणी होऊन गेलेली, औषधं, मजुरी, सगळीकडे पैसे जायचे दिवस, यायचे नाहीत. बागायतदाराचं बजेट कॅलेंडरवर चालतं, त्यामुळे पाच हजार म्हणजे पाच हजार.

आता आधी एक गोष्ट. फिरणाऱ्या हार्डडिस्कवरून एसएसडीवर आलेल्या माणसाला कुठलीही एसएसडी भारीच वाटते, अगदी कुठलीही. ५४०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे घेणारी, लॅपटॉपची डिस्क मोठी फाइल सलग वाचताना सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास देते, वाईट नाही, पण विंडोज सुरू होताना सलग काही वाचत नसतं, इकडचा तुकडा तिकडचा तुकडा असं हजार ठिकाणचं वाचायचं असतं, दर वेळी हेड सरकणार, चकती फिरून जागेवर येणार, आणि मग हाच वेग सेकंदाला जेमतेम एक एमबीवर येतो. एसएसडीत फिरणारं काहीच नाही त्यामुळे हा वेळच जात नाही. म्हणून पहिल्या दिवशी सगळ्यात स्वस्त एसएसडी आणि चांगली एसएसडी यांत मामांसारख्याला काहीच फरक कळत नाही, दोन्हीवर लॅपटॉप झटक्यात चालू होतो आणि आपण खूश. डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेला ५५० एमबी प्रति सेकंद हा आकडाही दोघींवर सारखाच, कारण साटा, म्हणजे ड्राइव्ह लॅपटॉपला जोडायची पद्धत, तिच्या तिसऱ्या पिढीची वायरच तेवढी देते, ती मर्यादा केबलची आहे, ड्राइव्हच्या गुणवत्तेशी तिचा संबंध नाही. थोडक्यात, जी गोष्ट सगळ्यांत सारखी आहे तीच डब्यावर ठळक छापलेली असते.

फरक आत असतो. ज्या चिपवर डेटा राहतो ती नँड फ्लॅश, तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८७ मध्ये मांडलेली. एका खान्यात एक बिट ठेवायचा तर व्होल्टेजच्या दोनच पायऱ्या ओळखायच्या, पण स्वस्त करायचं म्हणून एका खान्यात तीन बिट कोंबले की आठ पायऱ्या होतात, हे टीएलसी, आणि चार कोंबले की सोळा, हे क्यूएलसी. पायऱ्या जितक्या जवळजवळ तितकं लिहायला हळू आणि खानाही लवकर थकणार. हे झाकायला कंपन्या काही भाग तात्पुरता एका बिटाचा म्हणून वापरतात, त्यात आधी भराभर लिहून घेतात आणि मग निवांत आत सरकवतात. ही जागा, म्हणजे कॅशे, भरली की खरा चेहरा दिसतो, स्वस्त क्यूएलसी ड्राइव्हवर पन्नास-साठ जीबीचं लग्नाचं शूटिंग टाकून बघा, सुरुवातीला चारशे-पाचशेने पळणारा आकडा एकदम शंभराखाली येऊन बसतो, म्हणजे जिच्यापासून सुटका म्हणून हे घेतलं त्या हार्डडिस्कच्याही खाली. मामांना याचा काही त्रास नव्हता, ते काही रोज पन्नास जीबी टाकत नाहीत. पण फोटोग्राफर असाल, व्हिडिओ एडिट करत असाल तर क्यूएलसी घेऊ नका, स्वस्त मिळाली तरी नका घेऊ.

मग लोक टीबीडब्ल्यूचं विचारतात. म्हणजे एकूण किती टेराबाइट लिहिपर्यंत कंपनी वॉरंटी देते तो आकडा. क्रुशियलच्या बीएक्स५०० च्या ४८० जीबीला १२० टीबीडब्ल्यू आणि ३ वर्षं, सॅमसंगच्या ८७० इव्होच्या ५०० जीबीला ३०० आणि ५ वर्षं, यांत जे आधी संपेल ते. १२० ऐकून कमी वाटतं, पण हिशोब करा ना, दिवसाला २० जीबी लिहिलं, जे घरगुती वापराला भरपूर झालं, तरी १२० टीबी संपायला १६ वर्षं लागतात. तोवर लॅपटॉपच राहणार नाही. म्हणजे लिहून लिहून एसएसडी झिजली असं घरात सहसा होतच नाही, आणि तरीही मी हा आकडा बघते, कारण तो डब्यावरचा एकमेव आकडा आहे ज्याच्यावर कंपनीचे स्वतःचे पैसे लागलेले असतात. पाच वर्षं लिहून देणारी कंपनी आणि तीन वर्षं लिहून देणारी, दोघी एकाच मालाबद्दल बोलत नसतात.

मग एसएसडी मरते कशाने? बहुतेक वेळा ड्राइव्हचा कारभार बघणारी कंट्रोलर नावाची चिप, तिच्यातलं फर्मवेअर, म्हणजे तिला चालवणारं सॉफ्टवेअर, नाहीतर वीज. फर्मवेअरचा सगळ्यात भारी किस्सा एचपीईचा (ह्युलेट पॅकार्ड एंटरप्राइझ). नोव्हेंबर २०१९ मध्ये या कंपनीने जाहीर केलं की सर्व्हरमधल्या त्यांच्या काही एसएसडी बरोबर ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतील, डेटासकट, म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. दोनाचा पंधरावा घात तो, तास मोजणारा आकडा तिथे मावेनासा होत होता. खाने सगळे धडधाकट, झीज नाही काही नाही. आणि यातली जीवघेणी गोष्ट अशी की एकाच दिवशी बसवलेल्या चार ड्राइव्ह एकाच दिवशी जाणार, म्हणजे एकीवर दुसरीची कॉपी ठेवून निवांत झोपलेला माणूसही गेला. हे कळल्यापासून मी नवी ड्राइव्ह बसवली की सगळ्यात आधी कंपनीचं सॉफ्टवेअर टाकून फर्मवेअर अपडेट आहे का बघते, आणि बॅकअपची ड्राइव्ह मुद्दाम वेगळ्या कंपनीची ठेवते.

विजेचं मात्र मामांकडे जास्त लागू. त्यांच्या लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, चार्जरवरच चालतो, पिन हलली की बंद. आणि तिकडच्या लायटीचं काय सांगायचं, गेली तर गेली. एसएसडीत तुमची फाइल नेमकी कुठल्या खान्यात आहे याचा एक नकाशा असतो, कारण झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून कंट्रोलर डेटा सतत इकडून तिकडे हलवत असतो. हा नकाशा चालू असताना सारखा बदलतो आणि मधून मधून चिपवर उतरवला जातो, आणि नेमकं तेव्हाच लाइट गेली तर नकाशा अर्धवट राहू शकतो. सातबाऱ्याचं दप्तर जळाल्यासारखं आहे हे, जमीन जागच्या जागी असते पण कोणाची कुठली ते सांगता येत नाही. सर्व्हरच्या महागड्या ड्राइव्हमध्ये यासाठी कपॅसिटर बसवलेले असतात, लाइट गेली तरी नकाशा उतरवण्यापुरती वीज त्यात असते. आपल्या बजेटमधल्या ड्राइव्हमध्ये ते नसतात. फर्मवेअर बऱ्याच वेळा सावरून घेतं, पण रोज कोण परीक्षा बघणार.

म्हणून मी मामांना सांगितलं की या पाच हजारातले काही बॅटरीला जाणार. मामा चिडलेच. "अगं मी एसएसडी सांगितली, बॅटरी कुठून आली मध्येच? चालतोय की चार्जरवर!" पण माझं मत पक्कं आहे, मेलेल्या बॅटरीच्या लॅपटॉपमध्ये महागातली एसएसडी बसवण्यापेक्षा बरी बॅटरी आणि मधल्या भावातली एसएसडी कधीही चांगली. डेस्कटॉप असेल तर हेच यूपीएसबद्दल.

शनिवारी मामा नाशिकला आले आणि आम्ही एमजी रोडला गेलो. गाडी लावायला जागा मिळेपर्यंत मामांचा अर्धा उत्साह गेला. दुकानात काचेखाली डबेच डबे, त्यातली निम्मी नावं मी कधी ऐकलेली नव्हती, आणि पोराने सवयीने एक टीबीची कुठलीतरी पुढे सरकवली, "काका ही घ्या, एक टीबी, तुमच्या बजेटमध्ये." मामांचे डोळे चमकले, साहजिक आहे, आत्ता एक टीबी आहे तर नवीन अडीचशे जीबीची कशी घ्यायची, उलटं गेल्यासारखं वाटतं. मी डबा हातात घेऊन मागची बाजू वाचली. वॉरंटी तीन वर्षं, टीबीडब्ल्यूचा आकडा नाही, आत कुठली चिप ते नाही, आणि सर्व्हिस सेंटरच्या जागी फक्त एक ईमेल. मी म्हटलं, "याचं काही झालं तर?" "ताई, आम्ही आहोत ना, आणून द्या." तो खोटं बोलत नव्हता, पण त्याचं दुकान तीन वर्षं तिथेच असेल आणि ही कंपनीही असेल, या दोन गोष्टी धरून चालायच्या होत्या.

नँड चिप स्वतः बनवणाऱ्या कंपन्या जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत, सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन, किओक्सिया आणि तिची जोडीदार सॅनडिस्क, आणि चीनची वायएमटीसी. बाकी सगळे यांच्याकडून चिप घेऊन, कंट्रोलर दुसऱ्याचा घेऊन, आपलं स्टिकर लावतात. स्टिकरवाले सगळे वाईट असं अजिबात नाही, पण आज आत एक आणि सहा महिन्यांनी दुसरंच असं त्यांच्याकडे जास्त होतं. आणि मोठेही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. २०२१ मध्ये क्रुशियलच्या पी२ मध्ये नाव तेच ठेवून टीएलसीच्या जागी क्यूएलसी आली, आणि त्याच वर्षी डब्ल्यूडीच्या ब्लू एसएन५५० मध्ये वेगळी फ्लॅश आली आणि कॅशे भरल्यावरचा स्पीड बराच पडला, नाव तेच. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचा रिव्ह्यू वाचून ड्राइव्ह घेण्यात फारसा अर्थ नाही. आता तर क्रुशियलचंच बघा, डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने जाहीर केलं की क्रुशियल नावाने ग्राहकांना माल विकणं बंद करणार, सगळी मेमरी एआयच्या डेटासेंटरवाल्यांना पुरवायची आहे, जुन्या मालाची वॉरंटी चालू राहील असं म्हणालेत. भाव चढलेत तेही त्याच गर्दीमुळे. २०२३ मध्ये घेऊन ठेवणारे शहाणे ठरले, असो.

डीरॅमचं एक सांगायचं राहिलं. तो नकाशा पटापट बघता यावा म्हणून चांगल्या ड्राइव्हमध्ये एक वेगळी डीरॅम चिप, म्हणजे झटपट वाचता येणारी तात्पुरती मेमरी, असते, स्वस्तात ती काढून टाकतात. एनव्हीएमई, म्हणजे साटापेक्षा नव्या आणि वेगवान जोडणीची ड्राइव्ह असेल तर ती नसली तरी फार बिघडत नाही, कारण ती लॅपटॉपच्या रॅममधला थोडासा तुकडा यासाठी उसना घेऊ शकते. साटाला ही सोय नाही. मामांच्या लॅपटॉपला साटाच होती, म्हणून मी डीरॅमवालीवर अडून बसले, आणि त्यापायी जीबी कमी केले. (तुमच्या लॅपटॉपला एम डॉट टू स्लॉट, म्हणजे काडीसारखी ड्राइव्ह बसवायची खाच, असला तरी तो साटाचा आहे की एनव्हीएमईचा ते आधी बघा, दोन्ही काड्या दिसायला जवळपास सारख्या, बसतातही कधी कधी, फक्त ओळखल्या जात नाहीत आणि मग दुकानदार म्हणतो, सील फोडलं, आता परत घेणार नाही.)

तर घेतली अडीचशे जीबीची, चिप स्वतः बनवणाऱ्या कंपनीची, पाच वर्षं वॉरंटीची. बिलावरून परत पाच मिनिटं गेली. "बिल पाहिजे असेल तर ताई थोडं वाढेल." एसएसडीवर १८ टक्के जीएसटी आहे, वाढणारच. पण सिरियल नंबर टाकलेलं बिल नसेल तर ती पाच वर्षांची वॉरंटी तोंडीच समजायची. तो पोरगा हसून म्हणाला, "लोक स्पीड विचारतात ताई, बिल कोणी मागत नाही." बॅटरी धरून पाच हजारांच्या थोडं वर गेलं, वरचे मी घातले, त्याची वसुली दरवर्षी द्राक्षांत होते.

वॉरंटीबद्दल एवढंच डोक्यात ठेवा की ती ड्राइव्हची असते, डेटाची नसते. नवी ड्राइव्ह मिळते, कोरी. आणि मेलेली ड्राइव्ह तुम्ही कुरियरने पाठवता तेव्हा तिच्यावरचं पुसायची सोय राहिलेली नसते, ती चालूच होत नाही तर पुसणार काय. माझ्यासारख्या, दुसऱ्यांचे कागद सांभाळणाऱ्या माणसाला हे फार टोचतं. म्हणून माझ्या मशीनवर पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्शन चालू आहे, म्हणजे किल्लीशिवाय डेटा कोणाला वाचता येत नाही, आणि त्याची रिकव्हरी की घरात कागदावर लिहून ठेवलेली आहे. हार्डडिस्क निदान मरायच्या आधी टकटक करते, कण्हते. एसएसडी बऱ्याच वेळा काल होती आणि आज बायोसमध्येच, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावरच, दिसत नाही, एवढंच. बॅकब्लेझ म्हणून एक कंपनी आहे, ती २०१३ पासून आपल्या हजारो ड्राइव्हचे आकडे छापते, त्यांच्याकडे एसएसडी बंद पडण्याचं प्रमाण वर्षाला साधारण एक टक्क्याच्या आसपास दिसलंय. छान आहे आकडा. पण तो शंभर ड्राइव्हवाल्याच्या कामाचा, मामांकडे एकच आहे, ती एक तर चालणार नाहीतर जाणार.

म्हणून जुनी हार्डडिस्क टाकली नाही. ड्राइव्हची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो सॉफ्टवेअरमध्ये बघितली, रिअलोकेटेड सेक्टर, म्हणजे खराब म्हणून बदललेले भाग, शून्य, तब्येत ठीक, नुसती हळू होती. ती तीनेकशे रुपयांच्या यूएसबी केसमध्ये घातली आणि तोच मामांचा बॅकअप. आणि बॅकअपला हार्डडिस्कच बरी, हे स्वस्तातलं समाधान म्हणून सांगत नाहीये. एसएसडी वीज न देता कपाटात पडून राहिली तर खान्यांमधला चार्ज हळूहळू गळतो. जेडेक या चिपची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात घरगुती ड्राइव्ह पूर्ण वापरून झाल्यावर ३० अंश तापमानाला वीज नसताना एक वर्ष डेटा टिकवावा एवढीच अपेक्षा आहे. नवी ड्राइव्ह त्याहून बरीच जास्त टिकवते, पण पत्र्याखालच्या खोलीत आपला एप्रिल-मे ३० वर थांबत नाही. फवारणीची एक्सेल तर गूगल ड्राइव्हवरही टाकली, ती असेल किती, दोन-तीन एमबी.

बसवायला फार वेळ लागला नाही. मागचे स्क्रू काढले, एक रबराच्या बुचाखाली लपलेला असतो तो शोधला, जुनी डिस्क पत्र्याच्या चौकटीतून सोडवली, नवी त्यात कसली. आत द्राक्षाच्या औषधाचा की कशाचा, पांढरा बारीक धुरळा होता, ब्रशने काढला. विंडोज नवीनच टाकलं, जुन्याची कॉपी मारली नाही, त्या लॅपटॉपमध्ये पाच वर्षांचा कचरा होता. विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने सपोर्ट बंद केला आणि सातव्या पिढीचा आय३ अधिकृतपणे ११ ला चालत नाही, त्यावर अजून मामांशी वाद चालू आहे, मी लिनक्स म्हणते, ते म्हणतात मला माझी एक्सेल आहे तशीच पाहिजे.

हे बघून मामेभावाचाही फोन आला. त्याला ऑनलाइन पोर्टेबल एसएसडी दिसलीये, १६ टीबी, दीड हजारात. त्याला सांगितलं, तसलं काही नसतं, आत एखादं मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं आणि कॉम्प्युटरला खोटी साइज सांगितलेली असते, खरी जागा भरली की पुढचं सगळं हवेत लिहिलं जातं. आधीच मागवली असलीस तर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, ते पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून बघतं, परत करायची मुदत संपायच्या आत चालव. मग म्हणाला, वापरलेली घेऊ का, स्वस्त मिळतेय. वापरलेल्या ड्राइव्हचे तास विकणारा शून्यावर आणि हेल्थ टक्के शंभरावर आणून ठेवू शकतो, त्यामुळे ओळखीच्याची असेल तरच. त्याच्या लॅपटॉपला एनव्हीएमई स्लॉट आहे आणि त्याला फक्त गेम टाकायचेत, ते उडाले तर परत डाउनलोड होतात, तेव्हा त्याने बिनडीरॅमची, क्यूएलसी, स्वस्तातली एक टीबी बिनधास्त घ्यावी. फक्त बिल घे म्हटलं.